पाणी जातंय, पण कुठं जातंय?

"वहिनी, आता दहा वर्षं बघायचं काम नाही!" न्हाणीघराचं काम उरकून, हातपाय धुऊन, पैसे मोजून खिशात घालताना मिस्त्री हे वाक्य हमखास म्हणतात. आपणही चहाचा कप पुढे करतो आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडतो. पंधरा दिवसांनी जाळीच्या एका बाजूला पाणी साचायला लागतं. महिनाभरात वास येतो, रात्री दिवा लावला की झुरळं पळताना दिसतात. आणि दोन-तीन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिना चढून वर येतात, त्या काही साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन येत नाहीत.

मैत्रिणींनो, पूर्वी मोरी परसात असायची. मोरीचं पाणी अळूला आणि केळीला जायचं, कुठं मुरलं तर जमिनीत मुरलं. आता तालुक्याच्या गावांतही दोन-तीन मजली इमारती झाल्या, न्हाणीघर घरात आलं आणि आपल्या पायाखाली दुसऱ्या कुणाचं तरी छत आलं. घरात सगळ्यात जास्त पाणी जिथून जातं ती जागा म्हणजे चार-सहा इंचांची एक जाळी. तिच्याकडे आपण केस अडकले तरच बघतो. आणि तिची दुरुस्ती बरी झाली की वाईट, हे ठरवायची वेळ आली की "बायकांना त्यातलं काय कळतंय" असं म्हणून घरातले आणि बाहेरचे दोघंही मोकळे होतात. खरं सांगायचं तर हे तपासायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. एक गोटी, एक टिकली, थोडी नीळ आणि दोन-चार दिवसांचा धीर एवढ्यात पुष्कळ कळतं.

आमच्या भागातल्या एका इमारतीत वर निवृत्त शिक्षिका असलेल्या काकू एकट्या राहतात. खालच्या घरात सून बाळंत होऊन माहेराहून नुकतीच आली होती. काकूंच्या न्हाणीघराची जुनी जाळी गंजली, पाणी तुंबायला लागलं, म्हणून त्यांनी मिस्त्री बोलावला. त्यानं जाळीभोवतीच्या चार टाइल्स फोडल्या, नव्या बसवल्या, स्टीलची चकचकीत जाळी लावली, पांढरं सिमेंट भरलं आणि साडेतीन हजार रुपये घेतले. दीड महिन्यानं खालच्या न्हाणीघराच्या छताला ओल धरली. मग एक दिवस छताच्या गिलाव्याचा बशीएवढा पोपडा सुटून खाली पडला. पडला तो नेमका त्या पाटावर, जिथं बसून रोज सकाळी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत असत. अंघोळ उरकून तासभर झाला होता म्हणून बरं.

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकमेकींना बोलावणं गेलं नाही. खालचे म्हणत, "वरच्यांनी सगळं न्हाणीघर फोडून नवं करावं." दुसऱ्या एका ठेकेदारानं त्याचा आकडा सांगितला पंचेचाळीस हजार. काकू म्हणत, "मी आत्ताच काम करून घेतलंय, पावती नसली तरी मिस्त्री गावातलाच आहे, आणि माझ्याकडे पाणी अगदी झकास जातंय." पुण्याहून मुलाचा फोन, "आई, फ्लॅटच विकून टाक." मध्यस्थीला म्हणून मला बोलावलं, तेव्हा मी दोन्ही घरांना एवढंच म्हटलं, की पाणी जातंय हे मान्य, ते कुठं जातंय ते आधी बघू या, मग भांडू.

त्या जाळीखाली काय असतं, ते थोडं समजून घेतलं पाहिजे. जाळीखाली एक वाकडं किंवा वाटीसारखं भांडं असतं. दुकानात त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, मिस्त्री लोक नुसतं 'नाणी ट्रॅप' म्हणतात. या भांड्यात नेहमी थोडं पाणी साठून राहतं. हे साठलेलं पाणी म्हणजेच झाकण. गटारातली हवा, वास, किडे त्या पाण्याच्या वर येऊ शकत नाहीत. बेसिनच्या खालचा पाइप वाकडा असतो तोही याचसाठी. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यानं संडासाच्या भांड्याखाली असा वाकडा पाइप बसवून त्याचं पेटंट घेतलं, आणि अडीचशे वर्षं झाली तरी याहून साधी, बिनखर्चाची युक्ती कुणाला सापडलेली नाही. पाण्याची ही पातळी निदान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असावी लागते. बाजारात दिसायला तशीच पण उथळ भांडीही मिळतात, ती घेऊ नयेत.

आता होतं काय, की पाणी सावकाश जातंय अशी तक्रार केली की काही मिस्त्री ट्रॅपच्या आतली वाटीच काढून फेकून देतात. पाणी लगेच धो धो जायला लागतं. आपण खूश! पण ती वाटी गेली की झाकणच गेलं. काकूंकडे तेच झालं होतं. "वास येतोय" म्हटल्यावर मिस्त्रीनं सांगितलं, "फिनेल टाका." फिनेलनं वास दबतो, झाकण काही परत येत नाही.

हे नुसतं वासापुरतं आहे असं समजू नका. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली तेव्हा अमॉय गार्डन्स नावाच्या एकाच वसाहतीत तीनशेहून जास्त लोक आजारी पडले. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत न्हाणीघरातल्या जमिनीवरच्या जाळ्यांचे ट्रॅप हे एक मोठं कारण होतं. लोक फरशी धूत नसत, पुसून घेत, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलं होतं, आणि बाथरूमचे पंखे लावले की मैलापाण्याच्या पाइपातली हवा घरात ओढली जात होती. आपल्याकडे रोज बादल्यांनी पाणी ओततो म्हणून ट्रॅप सहसा वाळत नाही. पण पाहुण्यांचं न्हाणीघर, किंवा महिनाभर गावी गेल्यावर बंद राहिलेलं घर, तिथं हे होतंच. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं. जास्त दिवस जायचं असेल तर त्या पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडावं, पाणी लवकर उडत नाही.

झाकण आहे की नाही हे बघायचं कसं? जाळी उचला, बॅटरी मारा, पाणी चमकताना दिसलं पाहिजे. खराट्याची काडी आत उभी धरा, निदान दोन इंच भिजली पाहिजे. जाळीवर पातळ कागदाची पट्टी धरा. ती खालून हलत असेल, तर गटारातली हवा वर येतेय. (काही जणी उदबत्ती धरतात. ते करू नका, गटारातल्या वायूजवळ विस्तव नको.) आणि जाळी उचलताच येत नसेल, सिमेंटनं कायमची चिकटवून टाकली असेल, तर ते काम तिथंच नापास समजा. जी जाळी उचलता येत नाही ती साफ करता येत नाही. केस, साबणाचा मळ, शिकेकाईचा गाळ सगळं तिच्याखाली साठणार आणि मग आपण वरून ॲसिड ओतणार.

ॲसिडचं इथंच सांगून टाकते. ते सिमेंटला खातं. टाइल्समधल्या सांध्यातलं पांढरं सिमेंट दर महिन्याला ॲसिडनं धुतलं तर ते झिजतं आणि पाणी आत मुरायला आपणच वाट करून देतो. त्याहून वाईट म्हणजे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर क्लोरीनचा विषारी वायू होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. केस हातमोजा घालून काढावेत, गरम पाणी आणि ब्रश वापरावा. तेवढं पुरतं.

पुढची गोष्ट उताराची, ज्याला गवंडी ढाळ म्हणतात. जाळीकडे फुटाला साधारण पाव इंच ढाळ असला की पाणी थांबत नाही. फार ढाळही नको, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात. मुलांची गोटी घ्या आणि न्हाणीघराच्या चारही कोपऱ्यांत सोडून बघा. चारही वेळा ती जाळीकडे गेली पाहिजे. काकूंकडे तीन कोपऱ्यांतून नीट गेली आणि चौथ्या, बादली ठेवायच्या कोपऱ्यातून उलटी भिंतीकडे आली. म्हणजे नव्या चार टाइल्स जुन्यांपेक्षा उंच बसल्या होत्या. मग बादलीभर पाणी ओतून पाच मिनिटांनी बघा. फरशी ओली असणारच, पण कुठं पाणी साचलं असेल तर तिथं रुपयाचं नाणं आडवं ठेवा. नाणं बुडालं तर ढाळ चुकला. त्याशिवाय नव्या टाइल्सवर लाटण्याच्या टोकानं हळू ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, मडक्यासारखा पोकळ आला तर खाली माल नीट भरलेला नाही आणि त्या पोकळीत पाणी बसणार.

एवढं तपासून काम वाईट झालंय हे कळलं. पण गळती नेमकी कुठून, ते यातून कळत नाही, आणि खरा पैसा तिथंच वाचतो किंवा बुडतो. गळतीच्या जागा मुख्य चार. भिंतीतला नळाचा पाइप, ट्रॅप आणि त्याखालच्या पाइपाचा सांधा, टाइल्सचे सांधे म्हणजे सगळी फरशी, आणि जाळीची कड जिथं ट्रॅपच्या तोंडाला मिळते ती जागा. चौघींपैकी दोषी कोण हे न बघता "सगळं फोडा" म्हणणं म्हणजे ताप आला म्हणून सगळ्या घराला इंजेक्शन देण्यासारखं.

काकूंच्या घरी आम्ही ही तपासणी ओळीनं केली, ती सांगते.

पहिले दोन दिवस काकूंनी न्हाणीघर वापरलंच नाही, शेजारी अंघोळीला गेल्या. नळाचा पाइप गळत असेल तर त्यात चोवीस तास पाण्याचा दाब असतो, त्यामुळे न्हाणीघर वापरा न वापरा, खाली ठिबकत राहतं. खालच्या वहिनींना सांगितलं होतं, की ठिबकण्याखाली भांडं ठेवून सकाळ-संध्याकाळ बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडं कोरडं. म्हणजे नळाचा पाइप सुटला.

मग जाळी काढली. ती काढतानाच निम्मं पांढरं सिमेंट बिस्किटासारखं हातात आलं. फरशी अजिबात ओली होऊ न देता, नरसाळं आणि नळीनं ट्रॅपच्या पोटात थेट बादलीभर निळीचं पाणी सोडलं. या इमारतीत ट्रॅपचं बूड आणि पाइप खालच्या न्हाणीघराच्या छतातून दिसतो. खालून तासभर बघितलं, एक थेंब नाही. म्हणजे ट्रॅप फुटलेला नाही आणि पाइपाचा सांधाही धड आहे.

तिसरी परीक्षा फरशीची. जाळीच्या भोकाभोवती मुलांच्या खेळायच्या क्लेचा बोटभर उंच गोल बांध घातला. कणकेचा घालू नका, ती पाण्यात विरघळते. बांधाच्या बाहेर, उंबरठ्याच्या खाली राहील एवढंच, साधारण बोटाच्या एका पेराइतकं पाणी सोडलं. जिथं पाण्याची रेषा भिंतीला टेकली तिथं एक टिकली चिकटवली. पाणी उन्हावाऱ्यानंही थोडं उडतं, म्हणून शेजारी परातीत तेवढंच पाणी ठेवून तिलाही टिकली लावली. चोवीस तासांनी दोन्हीकडे पाणी टिकलीपासून सारखंच, केसभर उतरलं होतं. म्हणजे फरशी निर्दोष. पंचेचाळीस हजारांचा प्रश्न तिथंच मिटला, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून मलाच बरं वाटलं.

शेवटी बांध काढला. पिशवीत कापडाचा बोळा बांधून तो ट्रॅपच्या तोंडात, कडेच्या खाली, घट्ट दाबून बसवला आणि पुन्हा निळीचं पाणी भरलं. आता पाणी त्या कडेवरही उभं राहिलं. सकाळी टिकलीपासून अर्धा इंच उतरलेलं, आणि खालच्या छताला ट्रॅपभोवती निळे थेंब! खालच्या सासूबाई स्वतः वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो बाई, तुमची फरशी गळत नाही, तेवढी कडच गळतेय की." काही आठवड्यांत पहिल्यांदा त्या काकूंशी थेट बोलल्या.

एक लक्षात ठेवा. निळीचे थेंब खाली दिसले तर पुरावा पक्का. पण नाही दिसले म्हणून गळती नाही असं समजू नका. काही इमारतींत न्हाणीघराखाली विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा असतो. त्यातून पाणी झिरपताना रंग वाटेत राहतो आणि खाली नुसती ओल दिसते. तिथं टिकलीवरच भरवसा ठेवायचा. आणि फरशीच्या परीक्षेतच पाणी उतरलं, तर मात्र जाळीभोवती ठिगळ लावून उपयोग नाही. सगळी फरशी काढून वॉटरप्रूफिंग करावं लागतं, ते टाळून दर वर्षी चार-पाच हजार घालवणं महागातच पडतं.

मिस्त्रीला बोलावलं. तो आल्या आल्या म्हणाला, "काकू, पाणी तर जातंय ना?" काकू शाळेत चौतीस वर्षं शिकवलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "जातंय रे बाळा. चल, कुठं जातंय ते दाखवते." आणि त्याला खाली नेऊन निळं छत दाखवलं. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, नव्या टाइल्स उंच झाल्या म्हणून जाळी आणि ट्रॅपच्या तोंडामध्ये दीड इंचाचं अंतर पडलं होतं, तिथं पाइपाचा तुकडा नुसता ठेवला आणि भोवती पांढरं सिमेंट भरलं.

इथंच सगळी मेख आहे. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही. शिवाय सिमेंट वाळताना थोडं आकसतं. डोळ्यांना दिसणार नाही अशी फट पडते, आणि रोजच्या आठ-दहा बादल्यांतलं थोडं थोडं पाणी त्या फटीतून स्लॅबमध्ये जात राहतं. स्लॅबमधली सळई गंजते, गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट, गिलावा ढकलून पाडतो. पाटावर पडलेला पोपडा त्यातलाच. म्हणूनच काही जण खालून छताला सिमेंट किंवा एमसील थापतात, ते मला पटत नाही. खालचं ठिबकणं थांबतं, पण पाणी आत कोंडतं आणि सळई आणखी गंजते. पाणी जिथून शिरतं तिथं, म्हणजे वरूनच बंद केलं पाहिजे.

मिस्त्रीशी भांडण केलं नाही, हे मुद्दाम सांगते. या मुलांना कुणी शाळेत नेऊन हे शिकवलेलं नसतं. ठेकेदाराच्या हाताखाली जे बघितलं ते तो करतो, आणि आपणही "एका दिवसात उरका, घरात पाहुणे येणारेत" म्हणून त्याच्या मागे लागतो. सिमेंट, केमिकल या वस्तूंना वाळायला वेळ लागतो, तो त्यांना आपणच देत नाही. ठरलं असं, की मजुरी त्याची, सामान काकूंचं, आणि काम चार-पाच दिवस चालेल.

जाळीभोवतीच्या त्या चार टाइल्स त्यानं या वेळी आधी सांध्यात कटर मशीन फिरवून मोकळ्या केल्या, मग छिन्नीनं हलकेच काढल्या. थेट हातोडा मारला तर धक्क्यानं ट्रॅपलाच तडा जाऊ शकतो. ट्रॅपमध्ये पहिल्या कामातला सिमेंटचा एक गोळा घट्ट होऊन बसला होता, तो निघाला. (पाणी सावकाश जायचं एक कारण हेही असतं, म्हणून काम चालू असताना ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबून ठेवायला सांगावं.) भोवतीचा सगळा भुसभुशीत माल काढून जागा दोन दिवस पंख्याखाली वाळवली. ओल्या जागेवर भारीतलं केमिकल लावलं तरी ते धरत नाही. मग जुना सुटा तुकडा टाकून देऊन, ट्रॅपच्या तोंडाला बरोबर बसणारा पीव्हीसीचा उंचीचा तुकडा सोल्व्हंट सिमेंटनं चिकटवला. त्याची बाहेरची बाजू पॉलिश पेपरनं घासून खरबरीत केली, म्हणजे मालाला धरायला जागा मिळते. भोवतीच्या खड्ड्यात साध्या सिमेंटऐवजी न आकसणारं, नॉन-श्रिंक ग्राउट भरलं. ते वाळल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा, मधे फायबरच्या जाळीची पट्टी. हा लेप त्या तुकड्याच्या कडेवरून आत, थोडा ट्रॅपच्या तोंडात उतरला पाहिजे. नेमका तिथंच हात आखडता घेतला जातो.

आणि टाइल्स लावायच्या आधी पुन्हा पाणी भरून चोवीस तास ठेवलं. मिस्त्री म्हणत होता, "टाइल्स लावून मग बघू की." तसं करायचं नाही. टाइल्स लागल्यावर दोष सापडला तर पुन्हा फोडाफोड, आणि मग चूक कुणाची यावर वाद. टिकली जागच्या जागी राहिली, खाली छत कोरडं, मगच टाइल्स बसल्या. या वेळी गोटी लावून, चौथ्या कोपऱ्यासकट. जाळी आजूबाजूच्या टाइल्सपेक्षा जरा खाली, दोन-तीन मिलिमीटर, आणि उचलता येईल अशी. आत वाटीसुद्धा नवी आणली, ती नगण्य पैशांत मिळते.

सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरलं. हे काम काकूंनी आणि मी मिळून केलं, कारण घाई न करता हात सफाईदार चालवायचा असतो, आणि तो पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईचा चालतोच. दोन डब्यांतला माल सांगितलेल्या प्रमाणातच कालवायचा, अंदाजपंचे नाही. एका वेळी थोडाच, कारण तो लवकर घट्ट होतो. सांधा कोरडा आणि धूळ नसलेला हवा. रबरी पट्टीनं दाबून भरायचा आणि वरचा राप ओल्या स्पंजानं लगेच पुसून घ्यायचा. वाळला की मग तो टाइलवरून निघता निघत नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. किती वेळ पाणी लावायचं नाही ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. काकूंचं सामान तीन हजारांच्या आत बसलं.

पैशांचं एक. कितीही ओळखीचा मिस्त्री असो, काय करणार, कोणतं सामान, किती मजुरी, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाव हिस्सा रक्कम पाण्याची परीक्षा होईपर्यंत राखून ठेवावी, आणि हे सुरुवातीलाच सांगावं, शेवटी नाही. शेवटी सांगितलं तर ते पैसे अडवल्यासारखं वाटतं. कुणी अगदीच दाद देत नसेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पैसे देऊन घेतलेल्या सेवेलाही लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी पडत नाही, आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्ला विचारता येतो. तिथंही तो सह्यांचा कागदच कामाला येतो. आणि सोसायटीत राहणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं, की गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, पण न्हाणीघर, संडास, सिंक यांची आतली गळती ज्याच्या त्याच्या खर्चानं. म्हणून खालचे खरोखर बरोबर बोलत असतील तर ऐकून घ्यावं, आणि आधी टिकली लावून बघावं.

छत रंगवायची घाई मात्र खालच्यांनी करू नये. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी वाळायला आठवडे जातात, कधी दोन-तीन महिनेही. ओलीवर रंग दिला की त्याचे पापुद्रे निघतात आणि दुरुस्ती पुन्हा फसली असं वाटून नव्यानं संशय सुरू होतो. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहून ठेवायची. डाग रेघेच्या आत आत सरकत असेल तर काळजी नाही. पोपडे सुटलेली जागा मात्र आधीच खरवडून काढावी, सळई उघडी पडली असेल तर गंज घासून, गंजरोधक लेप देऊन मग गिलावा करावा. काकूंच्या खालच्या घरात सळईचं काम लगेच करून घेतलं आणि तोवर बाळाची अंघोळ बाहेरच्या खोलीत, मोठ्या घमेल्यात होत होती. पेन्सिलीच्या तीन रेघा झाल्या, डाग तळहाताएवढा उरला, आणि रंगाचा डबा गुढीपाडव्याच्या आठवड्यात उघडला गेला.